राजवाडा, विवर, संग्रहालय : गाइडचं काम करायचं ठरवलंत तर

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि सिंदखेडराजा, मेहकर ही वाटेवरची ठिकाणं झाली. जाता जाता जिजाऊंचं जन्मस्थान पाहायला कुटुंबं गाडी आत वळवतात, कुणी लोणारला मुक्काम ठेवतात. त्यांना दाखवायला आणि समजावून सांगायला माणूस हवा असतो, आणि गावातल्या शिकलेल्या मुलामुलींना काम हवं असतं. म्हणून आमच्याकडे तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. लायसन लागतं का? ते कोण देतं? संग्रहालयात नोकरी धरावी की स्वतःच्या हिमतीवर काम करावं? शाळेने ऐनवेळी पैसे कापले तर कुणाला सांगायचं? आणि सगळ्यांत अवघड म्हणजे, लोकांना आवडणारी गोष्ट सांगायची की पुरावा असलेली?

या सगळ्या प्रश्नांकडे वळण्याआधी एक गोष्ट माहीत हवी. तुम्ही ज्या दगडावर उभे राहून बोलणार आहात, ती जागा कोणत्या खात्याची आहे? परवानगी, पगार आणि तक्रार या तिन्हींची उत्तरं त्यावर ठरतात.

आधी जागा कुणाची ते पाहा

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात हा गोंधळ जास्त होतो, कारण एकाच गावात हाकेच्या अंतरावर वेगवेगळ्या खात्यांच्या हद्दी आहेत.

- भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण (केंद्र सरकार): लोणारचं दैत्यसूदन मंदिर आणि सिंदखेडराजातली लखुजीराव जाधवांची समाधी. सातगाव, कोथळी, धोत्रा इथली जुनी देवळंही याच खात्याकडे आहेत. कारभार नागपूर मंडळातून चालतो.
- राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय: सिंदखेडराजातला राजवाडा. राज्य सरकारच्या संग्रहालयांच्या यादीतही सिंदखेडराजाचं नाव आहे.
- वन विभाग: लोणारचं सरोवर आणि विवराचा उतार. हे वन्यजीव अभयारण्य आहे आणि अकोला वन्यजीव विभागाकडे येतं.
- देवस्थानं आणि खासगी विश्वस्त संस्था: तिथे विश्वस्त मंडळाचा शब्द चालतो.

फाटकावरचा निळा किंवा पांढरा फलक नीट वाचा. त्यावर कायद्याचं नाव असतं. १९५८ चा कायदा लिहिला असेल तर जागा केंद्राची, १९६० चा महाराष्ट्राचा कायदा असेल तर राज्याची. फलक पुसट झाला असेल तर पहारेकऱ्याला विचारा. वरचं कार्यालय कुठे आणि साहेब कोण, हे त्याला पाठ असतं.

परवाना लागतो का?

केंद्र संरक्षित स्मारकात लागतो. प्राचीन स्मारकांच्या १९५९ च्या नियमांनुसार पैसे घेऊन पर्यटकाला स्मारक दाखवायचं असेल, तर पुरातत्त्व अधिकाऱ्याने दिलेला परवाना हवा. माल विकणं आणि गिऱ्हाईक बोलावणं यांनाही हाच नियम लागू आहे. "इथं सगळेच दाखवतात, भाऊ, कोणी विचारत नाही," असं तुम्हाला सांगितलं जाईल. कुणी विचारत नाही तोवर ठीक, पण विचारणा झाली की उभं राहायला जागा नसते. ज्याच्याकडे कागद नाही, त्याला नवा पहारेकरीसुद्धा एका दिवसात बाहेर काढू शकतो.

राज्य संरक्षित ठिकाणी आणि अभयारण्यातही आधी लेखी विचारा. वन विभाग अनेक ठिकाणी स्थानिक तरुणांनाच वाटाडे म्हणून घेतो. लोणारला किंवा ज्ञानगंगा अभयारण्यात अशी नोंदणी चालू आहे का, हे परिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा.

प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र ही परवान्याहून वेगळी गोष्ट आहे, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा 'इन्क्रेडिबल इंडिया टुरिस्ट फॅसिलिटेटर' हा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. राज्याचं पर्यटन संचालनालयही गाइड प्रशिक्षण घेतं, आणि आपल्या विभागासाठी अमरावतीच्या कार्यालयात चौकशी करायची. हे प्रमाणपत्र तुमच्या शिक्षणाचा आणि ओळखीचा पुरावा आहे. शाळा, ट्रॅव्हल कंपन्या, हॉटेलवाले ते विचारतात. पण प्रमाणपत्र खिशात आहे म्हणून कुठल्याही स्मारकात पैसे घेऊन फिरवता येईल असं समजू नका. जागेच्या खात्याची संमती वेगळी घ्यावी लागते.

अर्जासाठी एवढे कागद एका फायलीत तयार ठेवा: आधार, दहावी-बारावीची गुणपत्रिका, रहिवासी दाखला, पासपोर्ट आकाराचे फोटो, पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र असल्यास त्याची प्रत. आणि अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.

नोकरी की स्वतःचं काम?

संग्रहालयातल्या कायम जागा थोड्या असतात आणि त्या सरकारी भरतीतूनच भरतात. "मी साहेबांशी बोलतो, पन्नास हजार द्या" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. बहुतेकांच्या वाट्याला येते ती एजन्सीमार्फतची कंत्राटी नोकरी. ती धरताना हे मागून घ्या:

- नेमणूकपत्र. त्यावर कामाचे तास, सुट्टी आणि पगार लिहिलेला हवा.
- पगार बँकेत आणि दरमहा पगारपत्रक. हातावर रोख घेऊन कोऱ्या कागदावर सही करू नका.
- पीएफ कापला जात असेल तर तुमचा यूएएन क्रमांक. मोबाइलवर पासबुक उघडून कापलेली रक्कम खरोखर जमा होते का, ते पाहा.
- ठरलेलं काम. गाइड म्हणून घेतलेल्या मुलीकडून झाडलोट आणि चहापाणी करून घेणं ही इकडची जुनी सवय आहे. नेमणूकपत्रात काम लिहिलेलं असलं की नाही म्हणणं सोपं जातं.

स्वतःचं काम करायचं ठरवलंत तर मोकळीक मिळते, पण चार महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढावं लागतं. शाळांच्या सहली दिवाळीनंतर सुरू होतात आणि फेब्रुवारीत संपतात. १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवाला सिंदखेडराजात अलोट गर्दी असते. पण त्या दिवशी कुणाला निवांत ऐकायला वेळ नसतो, म्हणून त्या दिवसाच्या कमाईवर हिशेब बांधू नका. एप्रिल-मेच्या उन्हात विवर उतरणारा पर्यटक विरळाच. पावसाळ्यात लोणार हिरवंगार होतं, तेव्हा थोडी माणसं येतात. म्हणून शेती, शिकवणी, दुकान असं काहीतरी हाताशी ठेवूनच या कामात उतरा.

असं काम करणारे असंघटित कामगारांत मोडतात. वय १६ ते ५९ असेल, पीएफ किंवा ईएसआयसी नसेल आणि आयकर भरत नसाल, तर ई-श्रम पोर्टलवर मोफत नोंदणी करा. बँकेतून वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा मिळतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास २ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण त्यात आहे. विवराच्या उतारावर रोज वर-खाली करणाऱ्याने तरी तो घ्यावाच.

दिवस कसा जातो

सहलीचा दिवस धरा. सकाळी दोन एसटी बस येतात, ऐंशी-नव्वद मुलं उतरतात आणि सोबत चार-पाच शिक्षक असतात. मुलं रात्रीच्या प्रवासाने पेंगुळलेली असतात. अशा वेळी लगेच इतिहास सुरू करू नका. आधी पाणी आणि स्वच्छतागृह दाखवा. मग मुलांचे दोन गट पाडा. चाळीसच्या वर मुलं एका गटात असली की मागच्यांना काही ऐकू जात नाही, आणि ऐकू न येणारं मूल भिंतीवर नाव कोरायला लागतं.

राजवाड्याच्या महादरवाज्यासमोर उन्हात वीस मिनिटं उभं करण्यापेक्षा आत सावलीत बसवा आणि मग बोला. आधी प्रश्न टाका. "हा दरवाजा एवढा उंच कशाला?" मुलं हत्ती म्हणतात, घोडे म्हणतात, शत्रू म्हणतात. त्यांना बोलू द्या. मग दगडाची घडण दाखवा, वरचा नगारखाना दाखवा, आणि लखुजीराव कोण होते ते सांगा. निजामशाहीतले ते बडे सरदार. १६२९ मध्ये दौलताबादला निजामशहाच्या दरबारात त्यांचा मुलांसह आणि नातवासह खून झाला. ही हकिकत समाधीपाशी सांगितली तर मुलं गप्प होऊन ऐकतात. राजवाड्यात सांगितली तर ती इतर माहितीत हरवते. कोणती गोष्ट कुठे उभं राहून सांगायची, याचा विचार आदल्या रात्री करून ठेवा.

दैत्यसूदन मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवर कामशिल्पं आहेत. शाळेचा गट असेल तर शिक्षकांना आधीच बाजूला घेऊन सांगा. मुलांचं लक्ष गेलंच तर घाईने पुढे ओढू नका. त्याने कुजबुज वाढते. "त्या काळी देवळाच्या भिंतीवर माणसाच्या आयुष्याच्या सगळ्या बाजू कोरत, ही त्यातलीच एक" एवढं सरळ वाक्य पुरतं. तिथून छतावरच्या कोरीवकामाकडे वळा.

काय सांगायचं, आणि कसं

नव्या गाइडचा सगळ्यांत मोठा घोटाळा इथे होतो. गर्दीला 'सर्वांत मोठं', 'जगातलं एकमेव', 'सगळ्यांत जुनं' असं ऐकायला आवडतं, आणि आपणही ते बोलून जातो. मग एखादा प्राध्यापक विचारतो, "कशावरून?" आणि चाळीस माणसांसमोर उत्तर सुचत नाही. बोलताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: जे सिद्ध आहे, ज्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि जे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. तिन्ही सांगा, पण कोणतं काय आहे ते सांगून सांगा.

लोणारचंच घ्या.

*सिद्ध असलेलं:* काळ्या बसाल्ट खडकात उल्का आदळून झालेलं हे विवर आहे. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. आघाताच्या प्रचंड दाबानेच तयार होणारं मास्केलिनाइट इथे सापडलं. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ज्वालामुखीचं मुख असल्याची जुनी समजूत मागे पडली. पाणी खारट आणि क्षारयुक्त आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं, ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

*मतभेद असलेलं:* विवराचं वय. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षं येतं, आर्गॉन वायूवर आधारलेल्या नंतरच्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. दोन्ही आकडे सांगा. पर्यटकाला त्याचं वाईट वाटत नाही. उलट शास्त्रज्ञ अजून शोध घेत आहेत हे कळलं की तो जास्त प्रश्न विचारतो.

*लोक सांगत आलेलं:* लवणासुराचा विष्णूने वध केला ती कथा. तिच्यावरूनच देवळाला दैत्यसूदन नाव पडलं. ती पूर्ण रंगवून सांगा, अर्धवट नको. ऐकणाऱ्यांत भाविक असतात आणि त्यांच्या श्रद्धेला धक्का लावण्याचं तुम्हाला काही कारण नाही. फक्त "अशी कथा आहे" हे शब्द गाळू नका.

सिंदखेडराजात हीच काळजी रंगपंचमीच्या कथेबाबत घ्या. लहानग्या जिजाऊ आणि शहाजी यांनी एकमेकांवर रंग टाकला आणि त्यावरून सोयरीक ठरली, ही बखरींच्या परंपरेतून आलेली गोष्ट आहे. ती तशीच सांगा. जन्मतारीख १२ जानेवारी १५९८ मानली जाते आणि त्या दिवशी जन्मोत्सव होतो, हे म्हणणं पुरेसं आणि बरोबर आहे. जातीवरून, पुढाऱ्यांवरून वाद उकरणारे प्रश्न येतील. "मी इथे दगड आणि कागद काय सांगतात ते सांगायला उभा आहे" म्हणा आणि पुढे चला.

जून २०२४ मध्ये लखुजीरावांच्या समाधीच्या परिसरात संवर्धनाचं काम चालू असताना पुरातत्त्व खात्याला शेषशायी विष्णूची दगडी मूर्ती सापडली. लांबी सुमारे १.७ मीटर, पाय चेपणारी लक्ष्मी, समुद्रमंथनाचं कोरीव दृश्य. बातम्या सगळीकडे गेल्या, त्यामुळे पर्यटक उतरल्या उतरल्या "मूर्ती कुठं आहे?" विचारतात. प्रत्येक फेरीआधी खात्याच्या माणसाला विचारून त्या दिवसाचं खरं उत्तर घेऊन उभे राहा. ऐकीव उत्तर देऊन माणसांना उन्हात फिरवू नका.

वाचायला काय घ्यावं, हेही विचारलं जातं. बुलढाणा जिल्ह्याचं १९१० चं जुनं गॅझेटिअर आणि राज्य सरकारचं नंतरचं गॅझेटिअर, दोन्ही वाचा. देवळांसाठी हेन्री कझिन्स यांचा दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरचा १९३१ चा ग्रंथ. इंग्रजी जड वाटलं तरी त्यातले नकाशे आणि छायाचित्रं पाहा. शंभर वर्षांपूर्वीचं देऊळ आणि आजचं देऊळ शेजारी ठेवून दाखवता येतं.

आणखी एक सुचवतो. सगळे राजवाड्यापाशीच गिऱ्हाइकाची वाट पाहतात. तुम्ही साखरखेर्ड्याचा अभ्यास करा. १७२४ मध्ये तिथे निजामुल्मुल्कने मुबारिजखानाचा पराभव केला आणि पुढच्या हैदराबाद राज्याचा पाया तिथे घातला गेला. त्या विजयावरूनच गावाला फत्तेखेर्डा म्हणू लागले. एवढी मोठी लढाई सिंदखेडराजा तालुक्यात झाली आणि ती दाखवणारा माणूस सहसा भेटत नाही. इतिहासाची खरी आवड असलेला पर्यटक अशा माणसाला शोधत येतो.

पैशाचं आधी बोला

संकोचामुळे फार नुकसान होतं. "द्या काय द्यायचं ते" म्हणू नका. दर गटाचा ठरवा, माणशी नको, म्हणजे मोजदादीचा वाद होत नाही. शाळेला आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर असा निरोप पाठवा आणि "मान्य" असं उत्तर आल्यावरच जा:

"नमस्कार सर. उद्या सकाळी ८ वाजता राजवाडा, नंतर समाधी, एकूण ३ तास. मुलं ८०, दोन गट. ठरलेलं मानधन रु. ____, निम्मं आज, निम्मं संपल्यावर. गाडीला १ तासापेक्षा जास्त उशीर झाला तर एक ठिकाण कमी होईल. दैत्यसूदन मंदिर यात धरलेलं नाही. कृपया मान्य असल्याचं कळवा."

पैसे घेतल्याची पावती द्या, साधी छापील चालते. हॉटेल किंवा दुकानातून कमिशन मिळत असेल तर त्या दुकानाची स्तुती करत बसू नका. पर्यटकाला ते लगेच कळतं.

शरीर सांभाळा

या धंद्यात आधी घसा जातो आणि मग गुडघे. ओरडून बोलण्यापेक्षा गळ्यात अडकवायचा छोटा स्पीकर घ्या, मात्र गाभाऱ्यात आणि अभयारण्यात तो बंद ठेवा. आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला तर घरगुती काढे सोडून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. मार्चनंतर विवरात उतरायचं तर सकाळी लवकर. डोक्याला दुपट्टा आणि सोबत पाणी व ओआरएस हवंच. हृदयविकार असलेल्यांना, गरोदर बायकांना, गुडघे धरलेल्यांना वरच्या कड्यावरूनच सरोवर दाखवा. चढून परत येताना त्रास होतो आणि तिथे गाडी पोचत नाही. सरोवराचं पाणी कमी-जास्त होतं, त्यामुळे विवरातल्या कमळजा देवीच्या देवळाकडची वाट खुली आहे का, हे त्याच दिवशी वनरक्षकाला विचारा.

यात अडकू नका

- लोणारचे "उल्केचे दगड" विकणं किंवा पर्यटकाला उचलून देणं. अभयारण्यातला दगडसुद्धा नेता येत नाही, आणि रस्त्यावर विकले जाणारे बहुतेक दगड साधे बसाल्टचे असतात.
- शेतात सापडलेली मूर्ती किंवा नाणी कुणी "पाहून सांगा" म्हणून आणली, तर हातात घेऊन किंमत सांगू नका. फोटो गटांवर टाकू नका. पोलिस पाटील आणि तहसीलदारांना कळवायला सांगा. पुरून ठेवलेलं धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू परवान्याविना विकणं हाही गुन्हा आहे.
- संग्रहालयात फ्लॅश मारणाऱ्या, मूर्तीला हात लावणाऱ्या पर्यटकाला अडवताना वाद वाढवू नका. एकदा नम्रपणे सांगा, मग पहारेकऱ्याला बोलवा. दंड करण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

त्रास झाला तर

*पगार थकला, पीएफ भरला नाही:* जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी अर्ज द्या. पीएफची तक्रार ऑनलाइनही करता येते. सोबत पगारपत्रक, हजेरीचे फोटो, व्हॉट्सॲप निरोप जोडा.

*बाई म्हणून त्रास झाला:* गाइड मुलींना पर्यटकांकडूनही अनुभव येतात. नंबर मागणं, चोरून फोटो काढणं, अंगलगट करणं. २०१३ च्या कायद्यानुसार कामाच्या जागी येणाऱ्या बाहेरच्या लोकांपासूनही सुरक्षितता देणं ही नोकरी देणाऱ्याची जबाबदारी आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवी. नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयात मिळते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्या. तातडीची मदत हवी असेल तर ११२ किंवा महिलांसाठी १८१ लावा. अनोळखी एकट्या पुरुष पर्यटकाला आडवाटेच्या देवळात न्यायचं नाही, हा तुमचा नियम असू द्या. त्यासाठी कुणाला कारण देण्याची गरज नाही.

*परवान्याच्या अर्जाला उत्तरच येत नाही:* दोन महिने वाट पाहून माहितीचा अधिकार वापरा. राज्याच्या खात्याला अर्ज करताना एकाच विषयावर, १५० शब्दांत लिहा आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. केंद्राच्या खात्यासाठी अर्ज ऑनलाइन भरता येतो, फी तीच. "मला परवाना का दिला नाही" असं विचारू नका. कारण विचारलं की टोलवाटोलवी होते. असं विचारा: "अमुक आवक क्रमांकाचा माझा अर्ज आज कोणत्या टेबलावर आहे, त्यावर कोणत्या तारखेला काय शेरा झाला, आणि गाइड परवाना देण्याच्या नियमांची प्रत." उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या वरिष्ठाकडे पहिलं अपील करा. अर्ज आणि आवक क्रमांकाची झेरॉक्स त्याला जोडा.